डीआरएल: वीज कुठून घ्यायची आणि दिवा कधी विझला पाहिजे

गाडीला बाहेरून डीआरएल (डेटाइम रनिंग लाइट, म्हणजे दिवसा गाडी समोरच्याला दिसावी म्हणून पुढे लागणारा दिवा) बसवून घेतला असेल तर त्याची पारख एका मिनिटात होते. इग्निशन चालू करा, डीआरएल लागू द्या आणि मग हेडलाइट लावा. डीआरएल विझला किंवा चांगलाच मंद झाला, तर काम करणाऱ्याला विषय कळलेला आहे. तो तसाच भगभगत राहिला तर ते काम अर्धवट आहे, मग दिवे कितीही महागाचे असोत. लो बीमची सगळी रचना समोरच्याच्या डोळ्यांच्या रेषेत कमीत कमी प्रकाश जावा अशी केलेली असते. डीआरएल मात्र मुद्दाम त्याच रेषेत प्रकाश टाकतो, कारण भर उन्हात तो दिसायचा असतो. दुपारी उपयोगी पडणारा हाच गुण रात्री अंधारात समोरच्याला आंधळं करतो.

या दिव्यासाठी संयुक्त राष्ट्रांचे नियम आहेत: दिव्यासाठी क्रमांक ८७ आणि तो गाडीवर कसा बसवायचा यासाठी क्रमांक ४८. त्यातले आकडे घरी काम करणाऱ्यालाही फार उपयोगाचे आहेत. प्रकाश पांढरा हवा. सरळ समोर किमान ४०० आणि जास्तीत जास्त १२०० कँडेला (एका दिशेने जाणाऱ्या प्रकाशाच्या तीव्रतेचं माप). प्रकाशणारा भाग २५ ते २०० चौरस सेंटिमीटर. जमिनीपासून उंची २५ सेंटिमीटरपेक्षा कमी नाही आणि १५० सेंटिमीटरपेक्षा जास्त नाही. दोन दिव्यांच्या आतल्या कडांमध्ये किमान ६० सेंटिमीटर अंतर, म्हणजे लांबून गाडीची रुंदी कळते. शिवाय हेडलाइट किंवा पुढचे फॉग लाइट लागले की डीआरएल आपोआप विझला पाहिजे. अपवाद फक्त क्षणभर डिपर मारण्याचा. इंडिकेटर डीआरएलपासून ४० मिलिमीटरच्या आत असेल तर इंडिकेटर चालू असेपर्यंत त्या बाजूचा डीआरएल विझवण्याची किंवा मंद करण्याची मुभा आहे आणि तसं केलेलं बरं, नाहीतर पांढऱ्या झोतात पिवळी उघडझाप हरवते.

पाच वॉटचा पार्किंगचा बल्ब दिवसा लावून ठेवणं म्हणजे डीआरएल नव्हे, हेही या आकड्यांवरून कळतं. पार्किंग लाइट अंधारात उभी गाडी दिसावी म्हणून असतो. उन्हात तो लावला काय, न लावला काय, फरक पडत नाही.

ही कल्पना उत्तरेकडच्या देशांतली. स्वीडनने १९७७ मध्ये दिवसाही दिवे लावण्याची सक्ती केली. कॅनडात १ डिसेंबर १९८९ पासून बनणाऱ्या गाड्यांना डीआरएल बंधनकारक झाला आणि युरोपीय संघात मोटारींच्या नव्या मॉडेलना ७ फेब्रुवारी २०११ पासून. आपल्याकडे १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिनासोबत आपोआप लागतो, पण मोटारींना अशी सक्ती नाही. त्यामुळे एकाच गाडीच्या वरच्या व्हेरियंटला डीआरएल असतो आणि खालच्याला त्याच जागी काळं प्लास्टिक असतं. बाहेरून बसवण्याची गरज तिथूनच येते.

कॅनडाचा पुढचा अनुभव आपल्याला जास्त शिकवणारा आहे. डीआरएलमुळे समोर उजेड दिसतो, डॅशबोर्डही उजळलेला असतो. चालकाला वाटतं दिवे लागलेत. मागचे टेललाइट मात्र बंद असतात आणि संध्याकाळी गाडी मागून दिसेनाशी होते. म्हणून तिथे सप्टेंबर २०२१ पासून बनणाऱ्या नव्या गाड्यांना तीनपैकी एक पर्याय द्यावा लागतो: डीआरएलसोबत टेललाइटही लागावेत, किंवा अंधार पडताच सगळे दिवे आपोआप लागावेत, किंवा दिवे लावेपर्यंत चालकासमोरचा डॅशबोर्ड काळाच राहावा. आपल्याकडे मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर भाताण, माडप, कामशेतच्या बोगद्यांत शिरताना किंवा पावसाळ्यात आंबोली, ताम्हिणीच्या धुक्यात नेमकं हेच घडतं. पुढे दोन लखलखीत पट्ट्या आणि मागे काळोख. डीआरएल बसवून घेणाऱ्याने पहिल्या दिवसापासून सवय लावून घ्यावी: बोगदा, धुकं, जोराचा पाऊस आणि दिवेलागण, चारही वेळी हेडलाइटचा स्विच फिरवायचा. गाडीला ऑटो असेल तर स्विच कायम ऑटोवर ठेवावा. तरीही धुक्यात स्वतःच दिवे लावावेत, कारण धुक्याचा उजेड पांढरा असतो आणि सेन्सरला तो दिवसच वाटतो.

आधी गाडीत काय आहे ते पाहा

तारेला हात लावण्यापूर्वी अर्धा तास मॅन्युअलला द्या. काही गाड्यांत डीआरएल असतो, पण मेन्यूतून बंद केलेला असतो. स्कोडाच्या अनेक जुन्या मॉडेलमध्ये तर तो इंडिकेटरच्या दांडीने चालू-बंद होतो. इग्निशन बंद ठेवून दांडी स्टिअरिंगकडे ओढायची, त्याच वेळी वर सरकवून धरायची आणि तशीच धरून इग्निशन चालू करून तीन-चार सेकंद थांबायचं. डीआरएल चालू होतो. खाली सरकवून हेच केलं की बंद. सर्व्हिसमध्ये कुणी अजाणता दांडी दाबून धरली तर डीआरएल 'बिघडला' असं वाटतं आणि लोक बल्ब, फ्यूज, मॉड्यूल शोधत बसतात.

फोक्सवॅगन गटाच्या ज्या गाड्या एमक्यूबी प्लॅटफॉर्मवर आहेत (तिसऱ्या पिढीची ऑक्टेव्हिया त्यातलीच), त्यांत हे काम कोडिंगने, म्हणजे गाडीच्या संगणकातल्या नोंदी बदलून होतं. व्हीसीडीएस किंवा ओबीडी-इलेव्हनसारखं साधन लागतं. मॉड्यूल क्रमांक ०९, म्हणजे सेंट्रल इलेक्ट्रिक्स. तिथे सिक्युरिटी ॲक्सेसला ३१३४७ हा क्रमांक द्यावा लागतो, त्यानंतर ॲडाप्टेशनमधल्या नोंदी बदलता येतात. नोंदींची नावं जर्मन आहेत. 'टागफारलिश्ट' म्हणजे डीआरएल, 'श्टांडलिश्ट' म्हणजे पार्किंग लाइट. 'लॉइश्टं' या शब्दाने सुरू होणाऱ्या नोंदी एकेका दिव्याच्या असतात: कोणत्या कामासाठी तो लागेल आणि किती टक्के उजेड देईल, हे तिथे ठरतं. आधी पूर्ण ऑटोस्कॅन (गाडीतल्या सगळ्या मॉड्यूलची तपासणी) करून मूळ नोंदी जतन करा, बॅटरीला चार्जर लावा, एका वेळी एकच नोंद बदला आणि प्रत्येक बदलानंतर दिवे प्रत्यक्ष पाहा. चार नोंदी एकदम बदलल्या आणि एक इंडिकेटर मुका झाला, तर दोष कुठल्या नोंदीचा हे शोधण्यात दिवस जातो. दुसऱ्या गाडीचं कोडिंग जसंच्या तसं उतरवू नका. मॉडेल तेच असलं तरी हॅलोजन आणि झेनॉन हेडलाइटच्या नोंदी वेगळ्या असतात.

कोडिंगमध्ये लोक आणखी एक चूक करतात. डीआरएलचा उजेड कमी वाटला म्हणून टक्केवारी वाढवतात. दिव्यातल्या एलईडीची उष्णता बाहेर टाकायची सोय मूळ आकड्याच्या हिशोबाने केलेली असते, त्यामुळे पुढे पट्टीतला एखादा एलईडी लुकलुकू लागतो आणि अख्खा हेडलाइट बदलावा लागतो.

खालच्या व्हेरियंटला कंपनीचाच अ‍ॅक्सेसरी संच मिळत असेल तर थोडे पैसे जास्त देऊन तोच घ्या. बंपरमध्ये नीट बसणारं कव्हर, तयार कपलर आणि मूळ वायरिंग न कापता जोडणी, एवढं त्यात येतं. मूळ तार कापली की इलेक्ट्रिकल वॉरंटीवरून वाद होतात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या फेरफारांबद्दल आहे, म्हणून रंगीत, निळे किंवा लुकलुकणारे दिवे तर मुळीच लावू नका. पुढे पांढरा स्थिर प्रकाश, बस्स.

दिवा निवडताना

बाजारात चिकटपट्टीवरच्या लवचीक एलईडी पट्ट्या सर्वांत स्वस्त मिळतात आणि सर्वांत आधी मरतात. कारण साध्या गणितात आहे. अशा पट्टीत तीन पांढरे एलईडी आणि एक रेझिस्टर एका रांगेत असतात. तीन एलईडींवर मिळून साधारण ९.३ व्होल्ट पडतात. पट्टी १२ व्होल्टसाठी बनवलेली, म्हणजे रेझिस्टरवर २.७ व्होल्ट. गाडी सुरू झाली, अल्टरनेटरने १४.४ व्होल्ट दिले की रेझिस्टरवर ५.१ व्होल्ट येतात आणि करंट जवळजवळ दुप्पट होतो. पट्टी पहिल्या दिवशी छान झगमगते, मग गरम होते, सिलिकॉन पिवळं पडतं आणि तीन-तीनचे गट एकेक करून विझतात.

म्हणून आतमध्ये कॉन्स्टंट करंट ड्रायव्हर (व्होल्टेज बदललं तरी करंट तेवढाच ठेवणारं सर्किट) असलेला, अ‍ॅल्युमिनियमच्या पाठीचा आणि धूळ-पाणी आत न शिरण्याच्या किमान आयपी-६७ दर्जाचा दिवा घ्या. काचेवर वर्तुळातलं 'ई' आणि शेजारी 'आरएल' ही अक्षरं कोरलेली असतील तर तो क्रमांक ८७ नुसार तपासलेला आहे. ड्रायव्हर आहे की नाही हे घरी तपासता येतं. बेंच सप्लायवर (व्होल्टेज हवं तसं बदलता येणाऱ्या पुरवठ्यावर) १२ व्होल्टला करंट मोजा, मग १४.४ ला मोजा. चांगल्या दिव्याचा करंट तेवढाच राहतो किंवा किंचित घटतो. वाढला, तर तो दिवा परत करा.

एका बाजूला सुमारे ६ वॉट पुरतात. दोन्ही मिळून १२ वॉट, म्हणजे साडेतेरा व्होल्टला ०.९ अँपिअर. लो बीमचे दोन ५५ वॉटचे बल्ब, टेललाइट, नंबर प्लेटचा दिवा हे सगळं दिवसभर लावून ठेवलं तर हीच बेरीज दीडशे वॉटच्या आसपास जाते आणि बल्बचं आयुष्य दिवसाउजेडी खर्ची पडतं. वेगळा डीआरएल लावण्याचं खरं कारण हे आहे.

जुन्या काळी उत्तर अमेरिकेतल्या काही गाड्यांत हाय बीमचे दोन्ही बल्ब एकापाठोपाठ एक, म्हणजे सिरीजमध्ये जोडून प्रत्येकाला निम्मे व्होल्ट देत. फिलामेंटचा प्रकाश व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताने बदलतो, त्यामुळे निम्म्या व्होल्टला प्रकाश दहाव्या हिश्श्याच्या आसपास येतो. युक्ती सुरेख आहे, पण एक बल्ब गेला की दोन्ही विझतात. आज एलईडी असताना तो खटाटोप कशाला.

रिले: सगळं ८७ए वर

हा या कामाचा गाभा आहे आणि इथेच सर्वांत जास्त घाई होते. रिले म्हणजे आतल्या कॉइलला थोडासा करंट दिला की दुसरं सर्किट जोडणारा किंवा तोडणारा स्विच. पाच पिनांचा साधा १२ व्होल्टचा चेंजओव्हर रिले घ्या. पिना अशा: ३०, ८५, ८६, ८७ आणि मधली ८७ए. चार पिनांच्या रिलेत ८७ए नसते, तो इथे चालत नाही. कॉइलला करंट नसताना ३० आणि ८७ए जोडलेल्या असतात. कॉइल ओढली गेली की ३० चा संबंध ८७ए शी तुटतो आणि ८७ शी जुळतो.

इग्निशनसोबत येणारा पॉझिटिव्ह ३ अँपिअरच्या फ्यूजमधून ३० नंबरला. ८७ए मधून दोन्ही दिव्यांचे पॉझिटिव्ह. ८५ बॉडी अर्थला. ८६ ला पार्किंग लाइटच्या पॉझिटिव्हची बारीक तार. ८७ रिकामी, तिच्यावर टोपी घाला. झालं. चावी फिरवली की डीआरएल लागतो, पार्किंग लाइट लावताच विझतो. हेडलाइटसोबत पार्किंग लाइट लागतोच, त्यामुळे हेडलाइटचं वेगळं पाहावं लागत नाही.

कॉइलचा रोध ८०–९० ओहम असतो, म्हणजे पार्किंगच्या तारेतून फक्त दीडशे मिलिअँपिअर घेतले जातात. बॉडी कंट्रोल मॉड्यूलला, म्हणजे गाडीचे दिवे चालवणाऱ्या संगणकाला, हा भार जाणवत नाही. पण दिव्यांची वीजच तिथून घेतली तर मॉड्यूल ओव्हरलोड समजून तो आउटपुट बंद करतं आणि मग पार्किंग लाइटही जातो. आत डायोड (एकाच दिशेने करंट जाऊ देणारा भाग) किंवा रेझिस्टर असलेला रिले घ्यावा, कारण कॉइल सुटताना उलटा व्होल्टेजचा झटका येतो आणि तो मॉड्यूलच्या ट्रान्झिस्टरला सोसावा लागतो. डायोडवाल्या रिलेत ८६ ला पॉझिटिव्ह आणि ८५ ला अर्थ हा क्रम पाळावाच लागतो. उलटं जोडलं की पार्किंग लाइट लावल्याक्षणी डायोडमधून शॉर्ट होतो.

'सिग्नल पार्किंगचा कशाला, सरळ हेडलाइटच्या लो बीमवरून घेऊ', असं काही वायरमन सांगतात. इथे जपानी पद्धतीच्या गाड्या फसवतात. अनेक सुझुकी आणि टोयोटा गाड्यांत एच-४ बल्बची (लो आणि हाय असे दोन्ही फिलामेंट असलेल्या बल्बची) सामाईक पिन पॉझिटिव्ह असते आणि लो-हाय बदलणारा स्विच अर्थच्या बाजूला असतो. अशा गाडीत लो बीम चालू असताना लो च्या पिनवर जवळजवळ शून्य व्होल्ट दिसतात आणि हाय बीम लावला की फिलामेंटमधून येणारे १२ व्होल्ट त्याच पिनवर दिसतात. मग लो बीमला डीआरएल चालूच राहतो आणि हाय बीमला कधी विझतो, कधी नाही. पार्किंग लाइट बहुतेक गाड्यांत पॉझिटिव्ह बाजूनेच चालू-बंद होतो, म्हणून तोच घ्यायचा. तरी मल्टिमीटरने खात्री करा.

नव्या गाड्यांत दुसरी अडचण येते. मॉड्यूल पार्किंग लाइटला सलग व्होल्टेज न देता झपाझप चालू-बंद करत देतं. रिले मग घुर्र आवाज करतो आणि डीआरएल फडफडतो. उपाय स्वस्त आहे: ८६ च्या तारेत आधी १० ओहम, १ वॉटचा रेझिस्टर, मग १एन४००७ डायोड, आणि कॉइलला समांतर ४७० मायक्रोफॅरड, ३५ व्होल्टचा कपॅसिटर. सेकंदाला शंभर वेळा चालू-बंद होणाऱ्या पुरवठ्यात एका आवर्तनाला १० मिलिसेकंद लागतात. कपॅसिटर आणि कॉइल मिळून सुमारे ४० मिलिसेकंद तग धरतात, त्यामुळे रिले घट्ट धरून राहतो. रेझिस्टर टाळू नका. तो नसेल तर रिकामा कपॅसिटर पहिल्या क्षणी जो करंट ओढतो त्याला मॉड्यूल शॉर्ट समजू शकतं.

वीज कुठून

बॅटरीवरून थेट तार घेऊन आपोआप चालणारे छोटे कंट्रोलर बाजारात मिळतात. व्होल्टेज १३.२ च्या वर गेलं की इंजिन चालू आहे असं ते धरतात. जुन्या साध्या अल्टरनेटरला हे ठीक चालतं. आता अनेक गाड्यांत इंजिनचा भार कमी करण्यासाठी अल्टरनेटरचं व्होल्टेज मुद्दाम साडेबारापर्यंत खाली आणलं जातं. तिथे भर रस्त्यात डीआरएल विझतो, उतारावर पुन्हा लागतो. याउलट इंजिन बंद केल्यावर बॅटरीचं व्होल्टेज लगेच उतरत नाही, म्हणून गाडी लॉक करून निघून गेल्यावरही दिवा जळत राहतो.

त्यापेक्षा आतल्या फ्यूज बॉक्समधून इग्निशनसोबत लागणारी जागा शोधणं भरवशाचं. वायपर किंवा १२ व्होल्ट सॉकेटचा फ्यूज चालतो. एअरबॅग, एबीएस आणि इंजिन ईसीयूच्या फ्यूजला हात लावायचा नाही, कारण तिथल्या एका सैल पिनमुळे चालत्या गाडीत काय बंद पडेल याचा नेम नाही. सॉकेटचा फ्यूज काही गाड्यांत कायम चालू असतो, म्हणून चावी काढून तपासा. गाडी लॉक करून वीस मिनिटांनी पुन्हा तपासा. काही मॉड्यूल उशिरा झोपतात.

फ्यूज टॅपचा, म्हणजे फ्यूजच्या खाचेत बसून तिथून नव्या तारेला वेगळा फ्यूज देणाऱ्या जोडणीचा, आकार मूळ फ्यूजशी जुळला पाहिजे. मिनी, लो-प्रोफाइल मिनी आणि मायक्रो-२ एकमेकांत अडकल्यासारखे वाटतात आणि खड्ड्यात सुटतात. फ्यूज काढून, इग्निशन चालू करून दोन्ही खाचांत मल्टिमीटर लावा. जिथे व्होल्टेज येतं ती पुरवठ्याची बाजू. टॅपची जी पाती दोन्ही फ्यूजना सामाईक असते ती त्या बाजूला गेली पाहिजे, म्हणजे दोन सर्किटांना आपापला फ्यूज मिळतो. टॅप उलटा बसला तरी दिवे लागतात, म्हणून ही चूक लक्षात येत नाही. पण मग डीआरएलचा करंटही मूळ फ्यूजमधूनच जातो. नवा फ्यूज ३ अँपिअरचा, जांभळा. '३ चा नाही, १५ चा टाकतो' म्हणणाऱ्याला थांबवा. बारीक तारेला १५ चा फ्यूज दिला तर शॉर्टमध्ये आधी तार जळेल.

थेट कायम चालू असलेल्या तारेवर डीआरएल जोडला आणि रिले विसरला तर काय होतं याचाही हिशोब करून ठेवा. ०.९ अँपिअर म्हणजे २४ तासांत सुमारे २२ अँपिअर-अवर. छोट्या गाडीच्या ३५ अँपिअर-अवरच्या बॅटरीत मग स्टार्टर फिरवण्याइतकं बळ उरत नाही.

आणखी एक शॉर्टकट बंद व्हायला हवा: इग्निशनची वीज सरळ पार्किंग लाइटच्या तारेत सोडणं. करंट त्या तारेतून मागे फिरतो, टेललाइट, नंबर प्लेट, डॅशबोर्डचे सगळे दिवे लागतात, टचस्क्रीन रात्रीच्या मंद मोडमध्ये जाऊन उन्हात दिसेनासा होतो, आणि मॉड्यूलच्या आउटपुटमध्ये बाहेरून वीज घुसते.

तार, जोड आणि अर्थ

तार ०.७५ चौरस मिलिमीटरची, गाडीसाठीच्या इन्सुलेशनची. पाच मीटर लांबीत तिचा रोध सुमारे ०.११५ ओहम, म्हणजे ०.९ अँपिअरला एक दशांश व्होल्टची घट. पुरे आहे. घरातल्या वायरिंगची तार वापरू नका. बॉनेटखालच्या उष्णतेत तिचं कवच कडक होऊन तडकतं.

तार आतून बाहेर काढताना फायरवॉलमधल्या (इंजिन आणि केबिन यांमधल्या पत्र्यातल्या) मूळ रबरी ग्रोमेटमधूनच काढा. पत्र्याला नवं भोक पाडून तशीच तार ओढली तर कड तिला कापत राहते. बॉनेटखाली कोरुगेटेड पाइप, रेडिएटरच्या फॅनपासून आणि एक्झॉस्टपासून लांब, दर वीस-पंचवीस सेंटिमीटरवर टाय. रिलेचा सॉकेट पिना खाली तोंड करून बसवा, पाणी साचणार नाही. जोड क्रिंप करून त्यावर गोंदवाली हीट श्रिंक. पिळून टेप गुंडाळलेला जोड पहिल्याच पावसाळ्यात हिरवा पडतो. चिमटीत दाबून बसवायचे निळे वायर टॅपही बंपरमागे नकोत. ते तारेचे काही धागे कापतात आणि उरलेल्यांना पाणी गंजवतं.

डीआरएल मिणमिणत असेल किंवा इंडिकेटरसोबत हलका फडफडत असेल, तर दहापैकी बऱ्याच वेळा दोष अर्थचा असतो. दिव्यासोबत आलेला स्क्रू रंगवलेल्या पत्र्यात मारून भागत नाही. बॉडीच्या मूळ अर्थ बोल्टखाली लग (तारेच्या टोकाची धातूची कडी) लावा, तेवढ्या जागेचा रंग खरवडा, घट्ट केल्यावर वरून पेट्रोलियम जेली. दिवा चालू असताना दिव्याची निगेटिव्ह आणि बॅटरीची निगेटिव्ह यांत व्होल्टेज मोजा, ०.२ पेक्षा जास्त दिसलं तर अर्थ पुन्हा करा.

दिवे बसवताना गाडी सपाट जागी उभी करा आणि दोन्ही बाजूंची उंची जमिनीपासून टेपने मोजा. बंपरच्या कडेवरून मोजू नका, बंपर स्वतःच अनेकदा तिरका बसलेला असतो. दिव्याचं तोंड सरळ पुढे हवं. बंपर वळतो तिथे दिवाही बाहेर वळतो आणि मग समोरून तो फिका दिसतो. ब्रॅकेटखाली वॉशर घालून कोन सुधारा. नुसत्या दोन बाजूंच्या टेपवर विसंबू नका. उन्हात तापलेल्या बंपरवरून दिवा सुटला तर तारेला लोंबकळतो.

बंपर परत चढवण्यापूर्वी ही तपासणी करा, नंतर सगळं पुन्हा उघडावं लागतं. चावी बाहेर: अंधार. इग्निशन: दोन्ही लागले. इंजिन सुरू करताना क्षणभर डोळा मिटला तर चालेल, पण लगेच परत यायला हवा. पार्किंग: दोन्ही एकदम विझले. हेडलाइट, हाय बीम: विझलेलेच. पुढचे फॉग लाइट पार्किंगशिवाय लागत असतील तर तिथूनही सिग्नल घ्यावा लागेल, तेव्हा पार्किंग आणि फॉग अशा दोन्ही तारा एकेका १एन४००७ डायोडमधून ८६ ला आणा, म्हणजे एकाची वीज दुसऱ्यात शिरणार नाही. दोन्ही इंडिकेटर आणि हॅझर्ड दहा पावलांवरून भर उन्हात पाहा. अर्धा तास चालू ठेवून दिव्याच्या पाठीला हात लावा. हात ठेवता आला पाहिजे. मग पाइपने पाणी मारा आणि दुसऱ्या दिवशी काचेच्या आत बाष्प आहे का बघा.

शेवटी बॅटरीच्या निगेटिव्हमध्ये मल्टिमीटर १० अँपिअरच्या रेंजवर सिरीजमध्ये लावा, गाडी लॉक करून अर्धा तास झोपू द्या आणि करंट वाचा. सर्वसाधारण गाडीत तो ५० मिलिअँपिअरच्या आत असतो. हाच आकडा काम सुरू करण्यापूर्वीही लिहून ठेवलेला असावा. दोन आकड्यांत फरक आढळला, तर रिलेची ३० नंबरची तार चुकीच्या फ्यूजवर आहे.